कटोरीचं शीड

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी मालगाडी चालवण्यात काढली, पण त्या सगळ्या वर्षांत स्वतःच्या हातानं एकदाही काही वळवलं नाही. हे माझ्या लक्षात आलं ते रिटायर झाल्यावर. "रूळ वळतात, गाडी आपोआप वळते. ड्रायव्हरनं फक्त चालवायची आणि थांबवायची," असं ते सांगायचे. घरची स्कूटरसुद्धा मीच चालवायचे. मी दौंडच्या एका दवाखान्यात सिस्टर होते, वेळीअवेळी जावं लागायचं. हे मागे बसायचे आणि चौकात आलं की खांद्यावरून सांगायचे, "पुढे क्लिअर."

अशा माणसाला ह्यांच्या मोठ्या चुलतभावानं होडी दिली.

ते भाऊजी पुण्यात राहायचे आणि रविवारी कुठल्याशा क्लबात शिडाची होडी चालवायचे. ते मुलीकडे परदेशी कायमचे निघाले. होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. हे तीनदा "हो" म्हणाले आणि फोन ठेवला.

"कशाला हो म्हणालात?"

"होडीला."

मला वाटलं, कुणाच्या तरी बारशाला द्यायची, खेळण्यातली असेल. दोन दिवसांनी टेम्पोतून खरीच होडी आली. चांगली बैलगाडीएवढी लांब, पांढरी, वर एक डोलकाठी, एक मोठं शीड आणि पुढचं एक लहान शीड. अंगणात ठेवली तर फाटक लागेना. दूधवाल्यानं विचारलं, "सिस्टर, ही टाकी आडवी का बसवली?" शेजारी राहणारे ह्यांचे जुने गार्डसाहेब रोज संध्याकाळी येऊन तिच्यात बसायचे. दोघं अंगणातल्या होडीत बसून चहा प्यायचे आणि मी फाटकाशी उभी राहून, कुणी ओळखीचं येत नाही ना, ते बघायचे.

दौंडला नदी आहे, पण भीमेत तेव्हा जलपर्णी इतकी माजलेली की कुत्रं पळत पलीकडे गेलं असतं. मग माझ्या माहेरी न्यायचं ठरलं. माहेर शिरूर तालुक्यात, घोड धरणाच्या पाण्याला लागून. धाकटा भाऊ तिथं ऊस करतो. त्याच्या पंपाच्या मोटारी जिथं पाण्यात सोडलेल्या आहेत, तिथंच होडी उतरवली.

भावानं होडीभोवती एक चक्कर मारली. "दाजी, ह्याला इंजान कुठं हाय?"

"इंजिन नाही. वाऱ्यावर चालते."

त्यानं आभाळाकडे बघितलं, उसाच्या शेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आक्का, वारं कुठं हाय?"

वारं खरंच नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती, धरण काठोकाठ भरलेलं, आणि पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं. तरी आम्ही दोघं लाइफ जॅकेटं घालून बसलो. जॅकेटांचा हट्ट माझा होता. भावानं मागून एक जोराचा रेटा दिला. त्या रेट्यावर आम्ही जेवढे गेलो तेवढेच गेलो. मग थांबलो.

एक मात्र मला कबूल केलं पाहिजे. होडीच्या सुकाणूचा दांडा उलटा चालतो. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा. माझा भाऊ ट्रॅक्टरवाला, तो पुढे दोनदा बसला आणि दोन्ही वेळा होडी उसात घातली. ह्यांना मात्र पहिल्या दिवसापासून जमलं. "मला मोडायला सवयच नव्हती," असं ते छाती काढून सांगायचे. फक्त वळवायला होडी चालती असावी लागते, आणि ती चालत नव्हती.

शिडं ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. आमच्या शेजारून एक मासेमारी करणारा माणूस गेला. तो थर्माकोलच्या जाड तुकड्यावर मांडी घालून बसलेला होता आणि दोन हातांत दोन स्टीलच्या ताटल्या घेऊन पाणी मागे सारत होता. आमच्या पुढे गेला, जाळं टाकलं, मासे काढले, आणि परत येताना थांबला.

"मामा, ढकलू का?"

"नको, नको. वारा येतोय," हे म्हणाले.

"बरं," म्हणाला, आणि ताटल्या मारत निघून गेला. अर्ध्या तासानं ह्यांनीच त्याला हाका मारून बोलावलं.

त्या रात्रीपासून घरात मोबाईलवर शिडांचे व्हिडिओ सुरू झाले, तेही पूर्ण आवाजात. हलक्या वाऱ्यात नेहमीची शिडं पुरत नाहीत, जास्तीचं शीड लागतं, एवढं मला भाजी चिरताचिरताच समजलं. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक मोठ्ठं, फुग्यासारखं, वारा पाठीमागून असला की होडीच्या पुढे फुगवायचं. दुसरं पातळ, लांबरुंद, पुढच्या लहान शिडाच्या जागी लावायचं. वारा बाजूनं असला तरी ते चालतं. दोन्हींना कापड हलकं पाहिजे, इतकं हलकं की फुंकर मारली तर उठावं.

ह्यांना फुगा पाहिजे होता. मला दुसरं. माझं कारण साधं होतं. व्हिडिओत लांबरुंद शिडाजवळ एक माणूस गप्प बसलेला दिसायचा. फुग्याजवळ तीन माणसं असायची आणि त्यातला एक सारखा ओरडत असायचा. ज्या कामात एक माणूस सारखा ओरडतो ते काम हातात घेऊ नये, हे मी ऑपरेशन थिएटरात शिकले होते.

"तसं नसतं गं. वारा कुठून येतो त्यावर ठरतं," हे म्हणाले, आणि माझा कापसाचा रोल घेऊन धरणावर गेले. काठाच्या उसाला, मोटारीच्या पेटीला, बाभळीला, जागोजागी दोऱ्यांनी कापसाचे पुंजके बांधले. सगळे पुंजके सरळ खाली लोंबत राहिले. भावाला दया आली. "दाजी, पाचट पेटवतो, धूर बघा." धूर सरळ वर गेला, पार वर, आणि तिथं जाऊन जरासा पूर्वेला, पाण्याकडे कलला.

"बघ! मागून वारा," हे मला म्हणाले.

"तो वरती आहे."

"खाली येईल."

अशा रीतीनं फुगा ठरला. आता कापड. भाऊ उत्साहानं एक फ्लेक्स घेऊन आला. गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता, वाढदिवस होऊन गेला होता, आणि चेहरा दाराएवढा. मी म्हटलं, हे जड आहे. पण मापाचा अंदाज यावा म्हणून त्यांनी होडी काठावरच उभी ठेवून तो डोलकाठीवर चढवला. चढवताना खालची बाजू वर गेली. उसाच्या वर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा, साहेब डोक्यावर उभे राहून हात जोडत होते. तासाभरात भावाला दोन फोन आले. एक त्यांच्या माणसाचा, की हा काय प्रकार आहे. दुसरा विरोधी पार्टीचा, की नक्की कुठल्या बाजूनं चांगलं दिसतंय आणि किती वेळ ठेवणार आहात. भाऊ दोघांनाही एकच उत्तर देत होता, "शीड हाय वं, शीड." फ्लेक्स उतरवला तो आता गोठ्यावर आहे, चेहरा आतल्या बाजूला करून.

मग मांडवाचं कापड आणलं, ते पाणी पिऊन गोधडी झालं. शेतावरची हिरवी जाळी लावून बघितली, तिच्यातून वारा आरपार जायचा, म्हणजे असता तर गेला असता. एके सकाळी मी अंघोळ करून आले तर हे माझं कपाट उघडून उभे. हातात माझी लग्नातली रेशमी साडी, आणि ते ती दोन बोटांवर तोलत होते.

"हिचं वजन किती असेल?"

साडी घेतली, घडी घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या डेमूनं पुण्याला गेलो आणि रविवार पेठेतून पॅराशूटचं कापड आणलं. जॅकेटं, पिशव्या शिवतात ते. पाहिजे तेवढं एका रंगात मिळालं नाही म्हणून अर्धं नारिंगी, अर्धं लिंबू. जे तुकडे उरतील त्यांचं माझं शीड करायचं, असा करार गाडीतच झाला.

शिवायला दिलं शिरूरच्या एका बाईंकडे. होडीपायी आमचे रविवार आता माहेरच्या चर्चमध्येच व्हायचे; तिथल्या महिला मंडळात त्या माझ्या शेजारी बसतात, आणि तालुक्यात ब्लाउज शिवावं तर त्यांनीच. ह्यांनी मोबाईलवरचं चित्र दाखवलं. बाईंनी चष्मा वर केला, जवळ नेऊन बघितलं.

"म्हंजी फुगीर पायजे."

"हो. मधे खोल, कडेला घट्ट," हे म्हणाले.

"मग कटोरी घालते."

ह्यांना कटोरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण त्यात मला वावगं काही दिसलं नाही. सपाट कापडाला खोली आणायची तर कापून, गोलाईत जोडायलाच लागतं. बाई म्हणाल्या, "मापाचं काहीतरी आणून द्या." आम्ही जुनं लहान शीड दिलं. त्यांनी ते छातीला लावून आरशात बघितलं आणि शनिवारी या म्हणाल्या.

रविवारी उपासना सुटल्यावर हे पाळकसाहेबांकडे गेले. वाऱ्यासाठी एक प्रार्थना करा म्हणाले. पाळकसाहेब तरुण आहेत आणि विचार केल्याशिवाय बोलत नाहीत.

"काका, शास्त्रात वारा थांबवल्याचं आहे. वारा सुरू केल्याचंही आहे, पण त्या वेळी समुद्र दुभंगला."

"मग?"

"धरणाचं पाणी दुभंगलं तर पाटबंधारेवाले मला विचारतील. आपण बेताच्या वाऱ्यासाठी करू."

त्यांनी डोळे मिटून बेताच्या वाऱ्यासाठी प्रार्थना केली. शेवटी, आपल्या बहिणीला, म्हणजे मला, पोहता येत नाही हेही देवाच्या कानावर घातलं. शीड बघायला येतो असंही म्हणाले, आणि त्या दुपारी खरोखरच आले. बरोबर महिला मंडळातल्या सहासात जणी, टेलरबाई पुढे.

आणि वारा आला. फार नाही, बेताचाच. उसाची पानं सळसळली, बाभळीवरचा कापूस थोडा हलला. भावानं काठावरून ढकललं, होडी मोकळ्या पाण्यात आली, ह्यांनी दोरी ओढली आणि नवं शीड वर चढलं. क्षणभर गुंडाळलेलं राहिलं, मग फट् करून उघडलं.

बाईंनी कटोरी एक घातली नव्हती. सवयीनं दोन घातल्या होत्या. डावी नारिंगी, उजवी लिंबू, मधे पक्की दुहेरी शिवण. वाऱ्यानं दोन्ही एकदम भरल्या. घराएवढं ब्लाउज आमच्या पुढे फुगून उभं राहिलं आणि आम्ही त्याच्या मागे बसलेलो.

पाळकसाहेब वळून उसाकडे बघायला लागले. मग टेलरबाईंचा आवाज आला, "फिटिंग बघा कसं बसलंय!"

मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, पण ह्यांना त्यातलं काही दिसतच नव्हतं. त्यांना फक्त पाणी दिसत होतं. होडीच्या दोन्ही बाजूंनी पाणी बारीक आवाज करत मागे जात होतं. "चालली," ते म्हणाले. "अगं, चालली." दोन महिन्यांत पहिल्यांदा होडी स्वतःहून चालली होती. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मग मीही शिडाच्या आकाराचा विचार सोडून दिला.

अडचण निराळीच होती. त्या शिडामुळे पुढचं काहीच दिसेना. मी एका बाजूला वाकून बघायचं आणि सांगायचं, असं ठरलं.

"पुढे काय?"

"पाणी."

"आता?"

"पाणीच. थांबा. माणसं आहेत."

पुढे जमिनीचं एक टोक पाण्यात आलेलं आहे. तिथं हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एक मुलगा मोरपंखी कोटात आणि एक मुलगी जमिनीवर लोळणाऱ्या पांढऱ्या झग्यात, दोघं गुडघाभर पाण्यात उभी होती. फोटोग्राफर काठावर पालथा झोपलेला, आणि त्याचा माणूस डब्यातून गुलाबी धूर सोडत होता.

"अहो, पुढे नवरदेव आहे!"

"किती लांब?"

"जवळ! आणि धूर सोडलाय!"

"धूर कुठं जातोय?"

"त्यांच्याच अंगावर!"

"म्हणजे वारा मागूनच आहे," हे समाधानानं म्हणाले.

"अहो, थांबवा!"

तेव्हा त्यांना आठवलं की होडीला ब्रेक नसतो. शीड उतरवायची दोरी त्यांनी रेल्वेच्या पद्धतीनं इतकी पक्की बांधली होती की गाठ सुटेना. व्हिडिओत एक माणूस सारखा का ओरडत असतो ते मला कळलं, कारण आता ते काम मी करत होते. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" ती दोघं आमच्याकडे बघत जागीच उभी राहिली. समोरून दोन कटोऱ्या येताना बघून माणूस दुसरं काय करणार? ह्यांनी दांडा रेटला, होडी त्यांना चुकवून वळली, पुढचं टोक चिखलात रुतलं, त्या हिसक्यानं गाठ सुटली आणि सगळं शीड, नारिंगी आणि लिंबू, त्या जोडप्याच्या डोक्यावर अलगद येऊन पडलं.

मी चिखलात उतरले. कुणाला लागलं का, हे बघायला कापड उचलणार, तेवढ्यात फोटोग्राफर किंचाळला.

"मावशी, हात लावू नका! कुणी हलू नका! कुणीच हलू नका!"

उन्हं उतरली होती. त्या पातळ कापडातून ऊन गाळून आत पडत होतं आणि आत ती दोघं सोनेरी झाली होती, घाबरून एकमेकांना घट्ट धरलेली. फोटोग्राफर कोपरांवर सरपटत शिडाखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. हे कमरेवर हात ठेवून उभे होते. "शिडाला चिखल लागेल," म्हणत होते.

तो फोटो कुठं कुठं गेला देव जाणे. पुढच्या आठवड्यापासून भावाच्या बांधावर गाड्या यायला लागल्या. रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं आपापल्या होणाऱ्या बायकांना घेऊन यायची, शिरूरची, श्रीगोंद्याची, एकदा तर थेट नगरची. सगळ्यांना होडी पाहिजे, आणि सगळ्यांना वारा नसलेला पाहिजे, कारण वाऱ्यानं मुलीचे केस विस्कटतात. ज्या पाण्याला आम्ही दोन महिने शिव्या दिल्या त्याची लोक तारीफ करायला लागले.

ह्यांनी एक अट घातली. शीड कुठलं लावायचं ते वाऱ्यावर ठरेल. पण येणारी प्रत्येक मुलगी झग्यावर ठरवायची.

"काका, पीच कलरमध्ये नाही का?"

"पोरी, आज वारा बाजूनं आहे. आज फुगा चालणार नाही."

"चालू दे नाहीतर नको. मॅच होतंय."

हे माझ्याकडे बघायचे. मी लावा म्हणायचे. मग ते एका जागी बांधलेल्या होडीवर, वारा असो वा नसो, शीड नीट ताणून लावायचे आणि सुकाणूचा दांडा धरून गंभीर चेहऱ्यानं मागे बसायचे. कितीतरी लोकांच्या अल्बममध्ये ते आहेत. फोटोग्राफर सांगायचा, "काका, तुम्ही जरा वाकाल का?" हे म्हणायचे, "चालत्या गाडीत ड्रायव्हर जागा सोडत नाही."

टेलरबाईंचं नाव झालं ते वेगळंच. चर्चमध्ये त्या आता पहिल्या बाकावर बसतात.

उरलेल्या कापडाचं माझं शीड तयार झालं तेव्हा फोटोंचा हंगाम सरत आला होता. ह्या वेळी मी स्वतः मशीनजवळ बसून राहिले, आणि बाईंचा हात गोलाईकडे गेला की "सपाट" म्हणायचे. त्या नाराज होत्या. "याला काही शेपच नाही आला," म्हणाल्या.

एका सकाळी, कुणीच येणार नव्हतं तेव्हा, आम्ही दोघांनी ते लावलं. वारा बाजूनं, अगदी जेमतेम, चहावरची साय हलेल एवढा. शीड हळूच एका अंगाला कललं आणि होडी निघाली. कुणी ओरडलं नाही. पुढचं सगळं दिसत होतं. हे दांडा धरून बसले, मी दोरी धरली. पाणबुडे पक्षी बुडून लांब कुठंतरी वर यायचे. तासाभरानं बघतो तर आम्ही पलीकडच्या काठाला लागलो होतो.

पलीकडे जाऊन काय करायचं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. तो काठ दुसऱ्या जिल्ह्यात येतो. एक म्हातारे आबा शेळ्या राखत होते. त्यांनी विचारलं, "कुनाकडं आलाय?" हे म्हणाले, "कुणाकडं नाही. सहज." आबांना ते पटलं नाही. त्यांनी आम्हाला झोपडीत नेऊन चहा पाजला आणि आमच्या ओळखीचं कोण कोण असू शकेल याची चौकशी करत बसले. शेवटी माझ्या आत्याच्या सासरचं एक घर निघालं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

चहा होईपर्यंत वारा पडला. आम्ही काठावर बसलो, दुपार झाली, पाणी परत परातीतल्यासारखं. शेवटी भावाला फोन केला. तो धरणाच्या भिंतीवरून, सगळा वळसा घालून, मोटारसायकलवर आला. आम्हाला बघून हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण.

"होडी?"

"राहू दे," हे म्हणाले. "वारा आला की येऊ न्यायला."

होडी बाभळीला बांधली, आबांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिघं मोटारसायकलवर बसलो. भाऊ पुढे, हे मधे, मी मागे. त्याला आता दोन महिने होत आले. आबा शेळीची करडं उन्हात होडीत बांधतात, असं परवा फोनवर सांगत होते. आमचे हे रोज सकाळी उठून अंगणात येतात, गार्डसाहेबांच्या शेवग्याचा शेंडा हलतो का बघतात, आणि आत येऊन मला सांगतात, "आज नाही."